आईला घरीच राहायचे आहे; मग सरकारी मदत कोणत्या दाराने येते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. तुमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, अमेरिकेची नागरिक आहे आणि वडील गेल्यापासून भाड्याच्या घरात एकटी राहते. वडिलांच्या नोकरीमुळे तिला सोशल सिक्युरिटीचे दरमहा सुमारे १,४०० डॉलर मिळतात आणि बँकेत १९,००० डॉलर आहेत. न्हाणीघरात पडून मनगट मोडल्यावर मेडिकेअरने, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने, काही आठवडे नर्स आणि मदतनीस पाठवली आणि मग ती सेवा थांबवली. खाजगी एजन्सीचा ताशी दर तुम्हाला परवडणारा नाही, आणि तुम्ही स्वतः चार तासांच्या अंतरावर राहता. तीन कार्यालयांना फोन केल्यावर तीन उत्तरे मिळाली: उत्पन्न जास्त आहे; नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांना कायम ठेवून देखभाल करणाऱ्या संस्थेत, ठेवलेत तर खर्च मिळेल; नाव प्रतीक्षा यादीत घालू. त्यातच एका नातेवाइकाने आईचे पैसे तुमच्या नावावर करून टाकण्याचा सल्ला दिला आहे, आणि तुम्ही विचारता की यांपैकी खरे कोणाचे मानायचे.

मी बावीस वर्षे या देशात वृद्धांच्या घरगुती सेवांसाठी केस मॅनेजर म्हणून काम केले आहे. मी वकील नाही, आणि तुम्ही राज्याचे नाव लिहिलेले नाही. या विषयात राज्य बदलले की निम्मे उत्तर बदलते, त्यामुळे खाली जिथे जिथे राज्यावर अवलंबून आहे असे मी म्हणेन तिथे ते जबाबदारी टाळण्यासाठी म्हटलेले नाही, असे समजावे. मात्र एक गोष्ट सर्व राज्यांना लागू आहे. तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरे आपापल्या परीने खरी आहेत, कारण तिन्ही कार्यालये तीन वेगळ्या कार्यक्रमांबद्दल बोलत होती. कोणती योजना आहे हा तुमचा खरा प्रश्नच नाही. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती तूर्त मुळीच करायची नाही, हा खरा प्रश्न आहे.

मेडिकेअरपासून सुरुवात करू, कारण बहुतेक कुटुंबांचा पहिला गैरसमज तिथेच असतो. मेडिकेअर हा आजाराचा विमा आहे. रुग्णाला घराबाहेर पडणे कष्टाचे असेल आणि नर्स किंवा फिजिओथेरपिस्टसारख्या कुशल व्यक्तीची अधूनमधून गरज असेल, तर डॉक्टरांच्या आदेशावरून मेडिकेअर घरी सेवा पाठवते, आणि ती कुशल सेवा चालू असेपर्यंत अंघोळीला मदत करणारी मदतनीसही काही तासांपुरती येते. मनगट जुळले, थेरपिस्टने उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद केली, की मदतनीसही जाते, मग आईला अंघोळ एकटीने करता येत असो वा नसो. केवळ अंघोळ, कपडे, स्वयंपाक आणि सोबत यांसाठी मेडिकेअर पैसे देत नाही. १९६५ साली हा कायदा झाला तेव्हापासूनच त्याची रचना अशी आहे. तुमच्यावर कोणी अन्याय केलेला नाही. तरीही मेडिकेअरला पूर्ण रजा देऊ नका. आई पुन्हा अडखळू लागली किंवा अशक्त झाली, तर डॉक्टरांकडून नवा आदेश घेऊन ऑक्युपेशनल थेरपीसह (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार) घरची सेवा पुन्हा सुरू करता येते.

दैनंदिन देखभालीचा खरा सरकारी पैसा मेडिकेडमधून येतो. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची आरोग्ययोजना केंद्र आणि राज्य मिळून चालवतात; केंद्र किमान निम्मा खर्च उचलते, गरीब राज्यांत त्याहून जास्त, आणि उरलेला भार राज्याचा असतो. इथेच तुमच्या दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराचे मूळ आहे. केंद्राच्या कायद्याने पात्र प्रौढ व्यक्तीला नर्सिंग होमची सेवा देणे प्रत्येक राज्याला सक्तीचे केले आहे. तीच व्यक्ती घरी राहून तीच देखभाल मागू लागली, तर त्यातल्या बहुतेक सेवा राज्याच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत. म्हणजे संस्थेत जाणे हा हक्क आणि घरी राहणे ही सवलत, अशी ही उलटी व्यवस्था आहे. १९८१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मेडिकेडच्या कायद्यात १९१५(सी) हे कलम घातले आणि राज्यांना नेहमीच्या नियमांतून सूट घेऊन, म्हणजे ज्याला इथे सगळे वेव्हर म्हणतात ते घेऊन, संस्थेऐवजी घरी सेवा देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी आयोवातील केटी बेकेट या लहान मुलीची कहाणी देशभर गाजली होती: ती घरी राहू शकत होती, घरचा खर्च कमी होता, पण मेडिकेडचे पैसे ती रुग्णालयात असेपर्यंतच मिळत होते. पुढे १९९९ मध्ये ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंग व्यक्तींना विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरवला, आणि हळूहळू पारडे झुकत गेले. २०१३ पासून मेडिकेडचा दीर्घकालीन देखभालीवरचा निम्म्याहून अधिक पैसा संस्थांबाहेरच्या सेवांवर जातो. तरीही वेव्हरमध्ये राज्याला जागांची संख्या ठरवता येते, आणि जागा भरल्या की यादी लागते. तुमच्या तिसऱ्या कार्यालयाने सांगितलेली प्रतीक्षा यादी ती हीच.

त्या यादीने घाबरून जाऊ नका, असे मी प्रत्येकाला सांगतो. २०२४ मध्ये देशभरात सात लाखांहून अधिक लोक अशा याद्यांवर होते, पण त्यांतले बहुसंख्य बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्व असलेले लोक होते. वृद्धांच्या वेव्हरची यादी अनेक राज्यांत पुष्कळ छोटी असते आणि काहींत नसतेच. शिवाय कित्येक राज्ये पात्रता न तपासताच नाव लिहून घेतात, त्यामुळे यादीतला क्रमांक दिसतो त्याहून लवकर पुढे सरकतो. नाव घालायला पैसे लागत नाहीत आणि ते घातल्याने कसलेही बंधन येत नाही. म्हणून ते आजच घाला, आणि नाव घातल्याची तारीख लेखी मागून घ्या. दोन वर्षांनी नाव सापडत नसल्याचे ऐकण्याची वेळ माझ्या ग्राहकांवर एकाहून अधिक वेळा आली आहे, आणि तेव्हा त्या एका कागदाने काम केले. त्याच फोनवर आणखी एक विचारा: वेव्हरखेरीज राज्याच्या नेहमीच्या मेडिकेडमध्ये वैयक्तिक देखभालीची सेवा आहे का, किंवा २०१० च्या आरोग्य कायद्याने आणलेला कम्युनिटी फर्स्ट चॉइस हा घरीच देखभाल देण्याचा पर्याय राज्याने घेतला आहे का? असेल तर तिथे जागांची मर्यादा नसते. पात्र ठरलेल्याला सेवा द्यावीच लागते.

आता पहिल्या कार्यालयाच्या उत्तराकडे वळतो. वृद्धांच्या साध्या मेडिकेडची उत्पन्नमर्यादा बऱ्याच राज्यांत एसएसआय या गरिबांच्या मासिक साहाय्याच्या आकड्याभोवती असते, आणि २०२६ मध्ये एका व्यक्तीसाठी तो आकडा ९९४ डॉलर आहे. आईचे १,४०० डॉलर त्याहून जास्त आहेत, म्हणून त्या कर्मचाऱ्याने नाही म्हटले, आणि त्याच्या पुस्तकानुसार ते बरोबर होते. परंतु नर्सिंग होमच्या पातळीची देखभाल लागणाऱ्या व्यक्तीसाठी बहुसंख्य राज्ये वेगळी मर्यादा लावतात. ती एसएसआयच्या तिपटीपर्यंत, म्हणजे २०२६ मध्ये दरमहा २,९८२ डॉलरपर्यंत जाऊ शकते, आणि वेव्हरलाही तीच लागू होते. त्या मोजपट्टीवर आई सहज बसते. फरक आकड्यापेक्षा प्रश्नात आहे. मेडिकेड मिळेल का, असे विचारले तर एक उत्तर मिळते. वृद्धांच्या वेव्हरसाठी, संस्थेच्या पातळीच्या देखभालीच्या नियमाने पात्रता तपासाल का, असे विचारले की दुसरे मिळते. आणि तोंडी नकार हा नकारच नसतो. अर्ज लेखी द्या आणि निर्णयही लेखी मागा, कारण अपील लेखी निर्णयावरच करता येते.

उत्पन्नाचा प्रश्न असा सुटत असला, तरी संपत्तीचा उरतो. बहुतेक राज्यांत एकट्या व्यक्तीची मोजता येण्याजोगी संपत्ती २,००० डॉलरच्या आत असावी लागते. काही राज्यांनी ही मर्यादा बरीच वाढवली आहे, म्हणून तुमच्या राज्याचा आकडा विचारूनच पुढे चला. स्वतः राहते ते घर ठरावीक मूल्यापर्यंत, एक गाडी आणि घरातले सामान मोजत नाहीत, पण बँकेतले १९,००० डॉलर मोजतात. इथेच तुमच्या नातेवाइकाचा सल्ला येतो, आणि तो कृपा करून मानू नका.

कारण असे की, वेव्हरसाठी अर्ज करताना आधीच्या साठ महिन्यांचे व्यवहार पाहिले जातात. बदल्यात काही न घेता दिलेली रक्कम, मग ती पोटच्या मुलीला दिलेली का असेना, देणगी धरली जाते आणि तिच्यासाठी दंडाचा काळ लागतो. रकमेला राज्यातल्या नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागतात. तो खर्च समजा ९,००० डॉलर असेल आणि १८,००० दिले असतील, तर दोन महिने सेवा मिळत नाही. ऐकायला हे फार वाटत नाही. पण दंडाची गणना पैसे दिल्या दिवसापासून सुरू होत नाही; व्यक्ती अन्यथा पात्र ठरते, म्हणजे हातात काही उरलेले नसते आणि देखभाल तर लागतेच, तेव्हापासून ती सुरू होते. माझ्या एका ग्राहकाच्या मुलाने अशाच सल्ल्यावरून वडिलांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतले, त्यातून गाडीचे कर्ज फेडले, आणि अकरा महिन्यांनी वडिलांना दंड लागला तेव्हा परत करायला त्याच्याकडे काही नव्हते. पैसे परत केल्यास दंड कमी होतो किंवा जातो, हे खरे. फक्त परत करण्याजोगे ते उरायला हवेत. मुलगा अप्रामाणिक नव्हता. त्याने चुकीच्या माणसाला विचारले, एवढेच.

मग त्या १९,००० डॉलरचे करायचे काय? ते आईवरच, आईच्या उपयोगासाठी, पावत्या ठेवून खर्च करायचे, आणि यात काहीही आडमार्गाचे नाही. मेडिकेअरमध्ये न बसणारी दातांची कामे, श्रवणयंत्र, न्हाणीघरातले आधाराचे दांडे आणि बसून अंघोळ करण्याची खुर्ची, थकलेली बिले, परतावा न मिळणाऱ्या करारातून आधीच भरून ठेवलेला अंत्यविधीचा खर्च (हा शेवटचा विषय आईशी काढणे अवघड जाते, याची मला कल्पना आहे), आणि मुख्य म्हणजे मेडिकेडचा निर्णय होईपर्यंत खाजगी मदतनिसाचे आठवड्याचे काही तास. बहुतेक कुटुंबे ती रक्कम अडीअडचणीसाठी म्हणून राखून ठेवतात आणि आईला वर्षभर बिनमदतीची राहू देतात. माझे मत असे की, अडचण आलेलीच आहे. तुम्ही स्वतः तिची देखभाल करत असाल आणि तिने तुम्हाला त्याचे पैसे द्यावेत असे ठरले, तर आधी लेखी करार हवा, दर बाजारातला हवा आणि तासांची नोंद हवी. मागाहून केलेला करार देणगी धरला जाण्याचा संभव असतो. या एका मुद्द्यासाठी तासाभराचे शुल्क देऊन वृद्धविषयक कायद्याच्या वकिलाला भेटणे मला सार्थ वाटते. उत्पन्न मर्यादेच्या वर असलेल्यांसाठी लागणारे ट्रस्ट, घर नावावर असलेल्यांसाठी मृत्यूनंतर राज्याने करायची वसुली, हे विषय मोठे आहेत, पण तुमच्या आईला लागू नाहीत, म्हणून सोडतो.

आर्थिक चाचणीबद्दल लोक खूप विचारतात, मात्र माझ्या अनुभवात जास्त अर्ज फसतात ते दुसऱ्या चाचणीत. राज्याचा मूल्यमापक घरी येतो आणि व्यक्तीला रोजच्या कामांत किती मदत लागते हे पाहतो: अंघोळ, कपडे, शौचालय, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणे, मलमूत्रावर ताबा, जेवणे. ही सहा कामांची मोजणी १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच वापरतात. स्वयंपाक, औषधे, बाजारहाट, पैशांचे व्यवहार यांची गणना वेगळी असते आणि बऱ्याच राज्यांत एवढ्यावर पात्रता मिळत नाही. किती कामांत मदत लागली म्हणजे नर्सिंग होमची पातळी गाठली, हे राज्य ठरवते. पण उत्तर कोण देते आणि कसे देते, हे तुमच्या हातात आहे.

एक प्रसंग सांगतो. एका निवृत्त शिक्षिकेचे मूल्यमापन झाले होते आणि तिला स्वावलंबी ठरवून अर्ज नाकारला होता. मी घरी गेलो तेव्हा बाई सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, मेजावर माझ्यासाठी कप मांडलेला. अंघोळ स्वतः करता का, असे मी विचारले. रोज करते, असे उत्तर आले, आणि मागच्या मूल्यमापकाने तेच लिहून घेतले होते. मी न्हाणीघर पाहू का म्हणून विचारले. टबात धुवायच्या कपड्यांची टोपली आणि दोन बादल्या ठेवलेल्या होत्या, साबणाची वडी वाळून तिला भेगा पडल्या होत्या, आणि बेसिनच्या कडेवर एक ओला पंचा होता. टबाची कड ओलांडण्याची भीती वाटू लागल्यापासून, म्हणजे चार महिने, त्या बेसिनपाशी उभे राहून अंग पुसून घेत होत्या. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या लेखी ती अंघोळच होती. फेरमूल्यमापनाला त्यांची सून हजर राहिली, आणि त्यांना आठवड्याला अठरा तास मंजूर झाले.

तुमची आईही परक्या माणसासमोर सगळे जमते असेच म्हणेल, हे मी न पाहताच सांगतो. म्हणून मूल्यमापनाच्या दिवशी रजा काढून तिथे हजर राहा. त्याआधी सात दिवसांची वही ठेवा; त्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडे राहू शकलात तर उत्तमच. तीत मते नकोत, घटना हव्यात: मंगळवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटे, शौचालयात जाताना भिंतीला धरून थांबली, परत यायला पंधरा मिनिटे, बुधवार, ब्लाउजची बटणे डाव्या हाताने लागेनात, मी लावली, गुरुवार, रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घेणार होती, मी थांबवले. शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. हाताला धरून केलेलीच मदत मोजतात असा समज आहे, पण आठवण करून देणे आणि पडू नये म्हणून शेजारी उभे राहणे हेही अनेक राज्यांच्या मोजणीत येते, आणि कोणी सांगितले नाही तर ते लिहिले जात नाही. डॉक्टरांच्या पत्रातही निदानांची यादी पुरेशी नसते. मनगट मोडले याहून उजव्या हाताने पकड धरता येत नसल्यामुळे टबात उतरताना माणूस लागतो, हे वाक्य कामाचे आहे. अतिशयोक्ती मात्र करू नका. मूल्यमापक शेकडो घरे पाहिलेला असतो, आणि एक गोष्ट फुगवलेली दिसली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. तिचा चांगला दिवस सांगू नका आणि सगळ्यात वाईटही सांगू नका; नेहमीचा दिवस सांगा.

निर्णयाला वेळ लागतो. आर्थिक पात्रतेसाठी केंद्राच्या नियमानुसार साधारण पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे, अपंगत्व ठरवायचे असेल तर नव्वद; मूल्यमापन आणि सेवेचा आराखडा यांचा वेळ त्यात मिळवा. या मधल्या काळासाठी दुसरा एक दरवाजा आहे, आणि तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिले नाही म्हणून आवर्जून सांगतो. मेडिकेडच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट झाला. त्याखालचा पैसा राज्यांमार्फत देशभरच्या सहाशेहून अधिक एरिया एजन्सी ऑन एजिंग यांच्याकडे जातो, आणि त्यातून साठीपुढच्या लोकांना घरपोच जेवण, घरकामाची थोडी मदत, डॉक्टरकडे ने-आण आणि देखभाल करणाऱ्या नातेवाइकांना काही दिवसांची उसंत अशा सेवा मिळतात. या कायद्याखाली सेवा देताना उत्पन्नाची चाचणी लावून कोणाला वगळता येत नाही. प्राधान्य मात्र गरजूंना असते, आणि इच्छेनुसार वर्गणी मागतात, ती न दिल्यास सेवा थांबत नाही. उणीव अशी की ठरलेला निधी संपला की सेवा संपते. इथे कोणाचा हक्क नाही. आठवड्याला दोन-तीन तास घरकाम आणि रोजचे एक जेवण, एवढे मिळाले तरी ते चांगले समजा. तुमच्या भागातली एजन्सी एल्डरकेअर लोकेटर या सरकारी फोनसेवेवरून कळते. शक्य तर याच फोनने सुरुवात करा, कारण वेव्हरच्या यादीचे दारही पुष्कळ ठिकाणी याच कार्यालयातून उघडते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात विचारून घ्या. तुमच्या गावी पेस नावाचा कार्यक्रम असेल, तर तिथे मेडिकेअर आणि मेडिकेड यांचा पैसा एकत्र करून एकच चमू डॉक्टर, औषधे, दिवसाचे केंद्र आणि घरची मदत असे सगळे पाहतो. ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑन लोक या संस्थेत १९७० च्या दशकात रुजली आणि १९९७ च्या कायद्याने कायमची झाली. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी मला हा पर्याय फार आवडतो, पण तो सर्वत्र नाही, आणि स्वतःचे जुने डॉक्टर सोडावे लागतात. दुसरे म्हणजे, संपत्ती कमी झाली की आई मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅममध्ये बसते का हे पाहा. बसली तर मेडिकेअरच्या पार्ट बी या भागाचा हप्ता, जो २०२६ मध्ये दरमहा २०२ डॉलर ९० सेंट आहे, राज्य भरते. १,४०० डॉलरवर जगणाऱ्या बाईसाठी ही रक्कम किरकोळ नाही. वडील अमेरिकी सैन्यात असते तर माजी सैनिकांच्या विधवांसाठीचे साहाय्यही सांगितले असते.

पुढच्या काही वर्षांबद्दल प्रामाणिकपणे एक इशारा द्यावा लागेल. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्राच्या कायद्याने मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च येत्या दशकात मोठ्या प्रमाणात कमी होणार आहे. त्यातल्या तरतुदी थेट वृद्धांच्या वेव्हरवर रोखलेल्या नाहीत, परंतु राज्याचे अंदाजपत्रक आखडले की सक्तीची सेवा कापता येत नाही आणि ऐच्छिक सेवा कापता येते. आणि घरगुती देखभाल बव्हंशी ऐच्छिक आहे, हे वर सांगितलेच. तास कमी केल्याची नोटीस आली, तर तीवरची तारीख पाहा. कपात लागू होण्याच्या दिवसाआधी सुनावणीची मागणी केली, तर निकाल लागेपर्यंत जुने तास चालू ठेवण्याची तरतूद आहे. निकाल विरुद्ध गेला तर मधल्या सेवेचा खर्च मागितला जाऊ शकतो, तरी खरी गरज असलेल्या ग्राहकांना मी नेहमी ही मागणी करायला सांगितले. नोटिशीत कपातीचे कारण लिहिलेले असावे लागते, आणि मागच्या वर्षापासून व्यक्तीची प्रकृती सुधारलेली नसताना तास का घटले, या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाला सुनावणीत द्यावे लागते. ती सात दिवसांची वही तेव्हा पुन्हा काढा.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न राहिला: तुम्ही आईकडे राहायला गेलात तर तुम्हालाच मेडिकेडकडून पैसे मिळतील का? पुष्कळ राज्यांत मिळू शकतात. वेव्हरमध्ये स्वतः मदतनीस निवडण्याची सोय असेल, तर सज्ञान मुलाला किंवा मुलीला नेमता येते; पार्श्वभूमीची तपासणी, थोडे प्रशिक्षण आणि फोनवरून कामाच्या वेळेची नोंद करावी लागते. आईच्याच घरात राहत असाल, तर हे उत्पन्न आयआरएस या केंद्राच्या करखात्याच्या २०१४ च्या नोटीस ७ प्रमाणे केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळता येते, हे तुमच्या करसल्लागाराला सांगा, कारण हे सगळ्यांना ठाऊक नसते. पैसे मात्र मंजूर तासांचेच मिळतात, तुम्ही प्रत्यक्ष राबता त्या तासांचे नाही. आठवड्याला वीस तास मंजूर झाले तर पगारही वीसच तासांचा, आणि तुम्ही तर चोवीस तास तिथे असणार. मूल्यमापनात तुम्ही घरात राहता हे लिहिले गेले, की स्वयंपाक आणि साफसफाई यांचे तास बरेचदा घटतात, कारण ते काम घरच्या माणसाने तसेही केलेच असते असे धरतात. शिवाय वेव्हरची सेवा आराखडा मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्याआधीच्या महिन्यांचे काहीही मिळत नाही. त्यामुळे आराखड्यावर सही होऊन त्यात तुमचे नाव आणि तास लिहिलेले दिसेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका; तोवर आईच्या पैशांतून आठवड्याला तीन सकाळी कोणीतरी अंघोळीच्या वेळी येईल, एवढी सोय याच आठवड्यात लावून टाका.